अर्जुना गुरवांनी इंग्रजीला लावलेला कौल

वडूजजवळच्या आमच्या गावात अर्जुना गुरवांना विचारल्याशिवाय कुणी विहीरही खोदत नाही. नाथाच्या मूर्तीला ते दोन्ही बाजूंना एकेक ओली पाकळी चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि जी पाकळी आधी पडेल तो देवाचा कौल. अण्णांनी, म्हणजे या अर्जुना गुरवांनी, कौल कधी मोडला नाही. एका कौलापायी त्यांनी स्वतःचा चांगल्या बैलजोडीचा सौदा सोडला होता, आणि वर आम्हालाच तत्त्वज्ञान ऐकवलं होतं.

अशा माणसाच्या घरात इंग्रजीवरून भांडण लागलं. सून स्वप्नाली अंगणवाडी सेविकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. मुलगा कृष्णात पिकअपमधून सांगलीला हळद पोचवतो, त्याला वाटलं आपणही बायकोला दोन प्रश्न विचारावेत. राइटच्या उलट काय, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली राँग. हा म्हणाला लेफ्ट, मी रोज वळतो, मला शिकवू नको. दोन्ही बरोबर आहेत, असं तिनं शांतपणे समजावलं. पण गडी पेटलेला. बायकोला नवरा एक, तसा शब्दाला उलटा शब्द एकच, असं त्यानं ठणकावलं.

"मग तुमीच माझं उलटं," असं म्हणून ती पलूसला माहेरी निघून गेली.

आठवडाभर बापलेक जळक्या भाकरी खात होते. अण्णांचा जीव सुनेत. पेपर वाचून दाखवणारी तीच आणि त्यांच्या बडबडीला हसणारीही तीच. कृष्णात मात्र हटेना. देव सांगेल तेच मानीन, म्हणाला.

मग काय, सगळं गाव देवळात. लेफ्ट खरं असेल तर डावी दे, राँग खरं असेल तर उजवी दे, असं गाऱ्हाणं ठरलं. आमच्या माळरानावरच्या देवाला इंग्रजीचा पेपर देताना कुणालाही लाज वाटली नाही. अण्णा समई सारखी करायला वाकले आणि उजवी पाकळी पडली. राँग! कृष्णातनं देवापुढं डोकं टेकवलं.

अण्णांना मीच गाडीवर बसवून पलूसला नेलं. स्वप्नालीनं पाणी दिलं, कौलाचं ऐकून घेतलं, पण ती हसली नाही.

"आवं मामंजी, देवानं खरंच माझ्यासारखं सांगितलं?"

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता देवाचं माहात्म्य सुरू होणार.

"न्हाई गं पोरी. डावी सुटाय लागली व्हती. मी उजवी हातानं काढली."

 स्वप्नाली दोन पावलं पुढं आली.

"देवाचा कौल मोडला तुमी?"

"मोडला. त्याला काय, त्याच्या घरात सून न्हाई."

तिला आधी हसू फुटलं, मग रडू. पदरानं डोळे पुसत ती आत गेली आणि पिशवी भरू लागली.