हा ताप नव्हे!

लालबागच्या आमच्या डॉक्टरीणबाई कुणाच्या घरी व्हिजिटला गेल्या की बॅग टेकवायच्या आधी पेशंटच्या अंगावरची गोधडी ओढून काढायच्या. नाव नंतर, नाडी नंतर, आधी गोधडी. "माणूस आहे का लोणच्याची बरणी? दादरा बांधून ठेवलाय!" नाव मालतीबाई, पण अख्खी गल्ली त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणायची आणि पाठीमागे ‘तोफ’.

मी त्या तोफेचा कंपाउंडर. मूळचा मिलमधल्या फोल्डिंग खात्यातला. संप लांबत गेला, घरातले डबे वाजायला लागले, तेव्हा बाईंनी मला दवाखान्यात ठेवून घेतलं. पहिल्याच आठवड्यात मला स्वच्छतेचा झटका आला आणि मी सगळे थर्मामीटर उकळत्या पाण्यात टाकले. ते एकामागून एक असे फुटले की बाकावरच्या पेशंटांना वाटलं, आत कुणाची तरी वरात निघालीय. बाई धावत आल्या. "अरे शहाण्या, बिचाऱ्यांची धाव एकशेआठापर्यंत! तू त्यांना उकळीला पळवलंस?" मी म्हटलं, "बाई, जंतू मेले असतील." "जंतूंचं माहीत नाही," बाई म्हणाल्या, "पण तू आज मरणार आहेस."

बाईंचा सगळ्यात मोठा राग माणसांवर नव्हता, एका शब्दावर होता. ताप. गिरणगावात सगळंच ताप. हिवताप ताप, पोराचा हट्ट ताप, बायकोचा भाऊ राहायला आला तोही ताप. मी पेशंटच्या कपाळाला हात लावून "ताप आहे" असं पुकारलं की बाई आतून ओरडायच्या, "आत्ता त्याच हातात चहाचा ग्लास होता ना तुझ्या? मग चहाला ताप असेल!"

एकदा त्यांनी बाकावरच्या सगळ्या गिरणी कामगारांना धरून समजावलं होतं. "मेंदूच्या तळाशी एक जॉबर बसलेला असतो, तुमच्या खात्यावरच्या मुकादमासारखा. बदामाएवढा. अंगात ऊब किती ठेवायची हे तो ठरवतो. जंतू शिरले की तोच हुकूम सोडतो, ऊब वाढवा! म्हणून थंडी वाजते, दात वाजतात. तो ताप. गोळी जाते ती जॉबरकडे, म्हणते, साहेब, हुकूम मागे घ्या. तो घेतो. पण बाहेरच्या उष्म्याने माणूस भाजला, तर तो जॉबरचा हुकूमच नसतो. जॉबर बिचारा घाम सोडून सोडून थकतो आणि शेवटी स्वतःच खुर्चीत शिजतो. मग गोळी जाऊन सांगणार कुणाला?"

जॉबर शिजतो म्हटल्यावर बाकावर भलताच आनंद पसरला. खऱ्या जॉबरांशी सगळ्यांचीच जुनी दुश्मनी. त्यात सर्वांत मोठ्याने हसला तो दत्ताराम.

दत्ताराम माझ्याच चाळीतला, मजल्याच्या टोकाची खोली. मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. भांडकुदळ म्हणजे किती? संपाच्या आधी मॅनेजरने त्याला दोनाचे चार साचे सांभाळ म्हटलं, तर हा म्हणाला, "साहेब, तुमी दोन बायका सांभाळून दाखवा, मग बघू." संपानंतर मिलने त्याला काही परत घेतलं नाही. मग तो प्रभादेवीच्या एका गल्लीत, कापड रंगवून वाळवायच्या शेडमध्ये लागला. वर पत्रा, आत वाफ, आणि ओल्या कापडावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या खिळे मारून बंद.

मे महिन्यातल्या एका दुपारी शेडची दोन माणसं दत्तारामला टॅक्सीतून चाळीत टाकून गेली. "बडबडतोय, पडतोय. ताप आलाय," एवढं सांगून पळाली. ताप म्हटल्यावर आमच्या चाळीने तापाचं सगळं केलं. दोन गोधड्या, खिडकी बंद, कांदा फोडून पायाला. मी बाईंना आणायला धावलो.

बाई आल्या. गोधड्या उडाल्या. कातडी कोरडी लाल, डोळे फिरलेले. शेजारचे अण्णा त्याच्या तोंडात पाणी ओतायला बघत होते, त्यांच्या हातावर बाईंनी फटकाच मारला. "शुद्धीत नाही तो! फुप्फुसात घालता का? पाणी अंगावर! ओता!"

"बाई, तापात गार पाणी?" अण्णा किंचाळले. "मरंल तो!"

"हा ताप नव्हे!"

दत्तारामची बायको, आमची वैनी, रडत होती ती एकदम उसळली. "आंग तव्यासारखां तापलां आणि तुमी म्हणतास ताप नाय?"

"तवा आपणहून तापतो का गं?" बाई तिच्यावर ओरडल्या. "कुणीतरी विस्तव लावतो ना खाली? ताप अंग आणतं. हे याच्या शेठनं आणलंय. ओता पाणी!"

आमच्याकडे नळ फक्त पहाटे यायचा, त्यामुळे पिंपातलं पाणी म्हणजे देव्हाऱ्यातलं तीर्थ. तरी सगळ्या खोल्यांनी पिंपं मोकळी केली. पुरुष वर्तमानपत्रांनी वारा घालू लागले. मला बाईंनी बर्फासाठी पिटाळलं आणि मी अक्कलहुशारीने सरबतवाल्याकडून दोन रंगीत गोळे घेऊन आलो. बाईंनी त्यातला एक मला मारला. शेवटी मासळीबाजारातली काशी कोळीण पाटीतला सगळा बर्फ घेऊन जिना चढून आली. "माजी पापलेटं गेली चुलीत," म्हणाली आणि दत्तारामच्या मानेला, काखांत स्वतः बर्फ दाबत बसली. अँब्युलन्स येईपर्यंत तो बोंबलासारखा वास मारत होता, पण कण्हायला लागला होता.

वाचला. पण महिनाभराने हॉस्पिटलातून आला तो भिंत धरून चालत. जीभ जड, हात थरथरणारे. तुटलेला धागा डोळे मिटून जोडणाऱ्या माणसाला शर्टाचं बटण लागेना. आणि स्वभाव असा मऊ झाला की वैनी घाबरली. "भांडत नाय ओ बाई," ती हळूच सांगायची. "काय पण सांगा, हो म्हनता."

त्यानंतर शेठ दवाखान्यात आला. स्वतः. कारण शेडमधल्या बाकीच्या कामगारांनी खिडक्यांसाठी आवाज उठवला होता आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होता. शेठच्या हातात पेढे होते. मी त्याला खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे वळवला आणि एक पेढा तोंडात टाकला. दत्ताराम तपासणीसाठी बाकावर बसला होता.

"बाई," शेठ म्हणाला, "घरनंच ताप घेऊन आला होता बिचारा. आपण तेवढं लिहून द्या. ताप काय, कुणालाही येतो."

"थुंक," बाई म्हणाल्या.

शेठ दचकला. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी पेढा थुंकला.

"ताप कुणालाही येतो," बाई शेठकडे वळल्या. "म्हणूनच तुम्हाला तो शब्द आवडतो. मी उष्माघात लिहिणार. खिडक्या बंद होत्या तेही लिहिणार. आत अजून वीस डोकी शिजताहेत तुमच्या."

शेठ शांतपणे हसला आणि बाकाकडे वळला. "दत्ताराम, तूच सांग. सकाळपासून ताप होता ना तुला?"

दत्ताराम कष्टाने उभा राहिला. शेठसमोर उभा राहिला. तोंडभर हसला. "हो शेठ. ताप होता."

शेठने हात पसरले, म्हणजे संपलंच.

बाईंचा आवाज मी तेवढा खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "शेठ, या माणसाने उभ्या आयुष्यात मालकाला हो म्हटलेलं नाही. साऱ्या लालबागला विचारा. आज तुम्हाला म्हणाला. मेंदूचा कुठला भाग जळालाय, किती जळालाय, याचा याहून मोठा पुरावा माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. हेही लिहिते."

आणि लिहिलं. पेन इतकं दाबून की खालच्या कागदावरही उमटलं. शेठ उठला, पेढे तिथेच टाकून निघाला. मला त्याच्या मानगुटीला धरावंसं वाटत होतं, अजूनही वाटतं.

पण मधे दत्ताराम होता. भिंत धरत धरत तो शेठला रस्त्यापर्यंत पोचवायला निघाला होता. "सांभाळून शेठ," तो म्हणत होता, "बाहेर ऊन लय आहे."