डांबरगोळीचे डोहाळे

बायकांना चिंचेचे, कैरीचे, फार तर मातीचे डोहाळे लागतात. मला डांबरगोळीचे लागले. कपड्यांच्या कपाटात टाकतात ना, ती पांढरी गोळी. ऐकून हसू येत असेल तर हसून घ्या, मीपण तेव्हा हसतच होते.

आम्ही गुजरातेत, पांडेसऱ्यात राहतो. नवरा डाइंग मिलमध्ये घडी-पॅकिंगला आहे, मी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. पाचवा महिना चालू होता. मळमळ काही केल्या थांबत नव्हती. एक दिवस कपाटातून चादर काढायला वाकले, तर तळाच्या गोळ्यांचा वास नाकात गेला आणि मी तिथंच फतकल मारून बसले. काय तो थंडगार वास. पोट एकदम शांत झालं. त्या दिवसापासून दिवसातून दहा वेळा कपाट उघडून डोकं आत घालायला लागले. पुढं एक गोळी रुमालात बांधून उशाशी ठेवली, दुसरी ओढणीच्या टोकाला.

नवऱ्यानं आधी टर उडवली. म्हणाला, "घरातली झुरळं पळाली, आता माझाच नंबर आहे." मग निमूटपणे किराणा दुकानातून पुडी आणून दिली, आणि संपली की न सांगता दुसरी. आईला फोन केला. ती खानदेशात, गावी असते. "पोटनं पोर मांगस, ते देनंच पडस," ती म्हणाली. पोटातलं पोर मागतं, त्याला द्यावंच लागतं. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, हे आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही पाठ असतं. मग काय, मला रानच मोकळं झालं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. सातव्या महिन्यात वास पुरेना, तेव्हा मी गोळी जिभेला लावायला लागले. चाटायची, थुंकायची, थोड्या वेळानं परत चाटायची.

आठव्या महिन्यात पोटातली हालचाल कमी झाली. सकाळी लाथ नाही, दुपारी नाही. आम्ही रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी पडद्याकडं बघत एकाच जागी यंत्र परत परत फिरवलं. मग म्हणाले, बाळाच्या डोक्यातल्या नसेत रक्त फार जोरात धावतंय.

"जोरात धावतंय म्हणजे चांगलंच ना?" मी विचारलं.

"नाही बेन. रक्त पातळ झालं की ते असं धावतं. तुमच्या बाळाचं रक्त कमी होत चाललंय. पोटातल्या पोटातच."

टेबलावरून उतरायला नवऱ्याला धरावं लागलं. माझा रक्तगट बघितला, त्यात काही भानगड नव्हती. कसले कसले ताप, जंतू, सगळं तपासलं. काही सापडेना. डॉक्टर म्हणाले, बाळाला लवकर बाहेर काढावं लागेल, पण त्याची फुफ्फुसं अजून कच्ची आहेत. ती तयार व्हावीत म्हणून तुम्हाला दोन इंजेक्शनं देतो, एक आज, एक उद्या. मी जळगावकडची. केळी पिकवायला काय काय करतात ते लहानपणापासून बघितलंय. पण आईच्या दंडात सुई टोचून पोटातल्या लेकराची फुफ्फुसं पिकवतात, हे पहिल्यांदाच ऐकत होते. मधले चोवीस तास मी पोटावर हात ठेवून पडून होते. ते हलतंय की माझंच काळीज उडतंय, तेच कळत नव्हतं.

त्या दोन इंजेक्शनांच्या मधेच एक तरुण डॉक्टरबेन कागद घेऊन आल्या. नाळेतलं रक्त आणि नव्या बाळाची फुफ्फुसं यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. बाळ झाल्यावर नाळेतलं थोडं रक्त घेऊ का, असं विचारत होत्या. घ्या म्हटलं, नाळ नाहीतरी टाकूनच देता. मग प्रश्न सुरू झाले. घरात चूल आहे का, कुणी बिडी ओढतं का, पाणी कुठलं. आणि मग गुजरातीत, कागदावरून मान न उचलता, "घरमां डामरनी गोळी राखो छो?"

मला हसू फुटलं. नवरापण हसला. म्हणाला, ठेवतो कसली, ही तर गळ्यात घालून फिरते.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वास घेता? रोज?"

"डोहाळे होते हो," मी म्हटलं.

"तोंडात कधी घातली?"

"छे," मी म्हटलं. इतक्या घाईनं म्हटलं की नवऱ्यानं वळून माझ्याकडं बघितलं.

मग त्यांनी सावकाश सांगितलं. काही माणसांच्या रक्तात एक गोष्ट जन्मतःच कमी असते. एरवी त्याचा काही त्रास नसतो. पण त्या गोळीचं विष अंगात गेलं, की अशा माणसाच्या रक्तातल्या पेशी फुटायला लागतात. आईला काही होत नाही, पोटातल्या बाळाला होऊ शकतं. हे आईकडून येतं आणि बहुतेक मुलग्यांनाच भोवतं. तुमच्या बाळाला ते आहे का, हे नाळेच्या रक्तावरून कळेल.

"चाटत होते," मी म्हटलं. "दोन महिने."

नवरा स्टुलावर बसला. लग्नाला सहा वर्षं झाली, त्याचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. मला वाटलं, आता हा मला काहीतरी बोलणार, आणि बोलावंच त्यानं. तो म्हणाला, "पुड्या तर मीच आणत होतो." पुढं संध्याकाळपर्यंत तो तेवढंच एक वाक्य घोळवत राहिला. मी स्वतःला शिव्या घालत होते. बाई गं, जिभेचे चोचले पुरवायला तुला विषच सापडलं का?

डॉक्टरबेनचा शेवटचा प्रश्न होता, माहेरी कुठला मुलगा जन्मल्यावर पिवळा पडून दगावलाय का. दगावले होते ना. माझ्या आधीचे दोन भाऊ, दोघंही आठ दिवसांच्या आत गेले. आमच्या घरात त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, काकूची काळी जीभ. काकू म्हणजे आईची मोठी जाऊ. दोन्ही वेळा ती बाळाला बघायला आली आणि म्हणाली, पोरगं हळदीसारखं पिवळं दिसतंय, डॉक्टरला दाखवा. दोन्ही वेळा पोरगं गेलं. तेव्हापासून आईनं तिच्याशी बोलणं टाकलं. एका ओट्यावर राहून तीस वर्षं दोघींचा एक शब्द नाही.

दुसऱ्या इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी सिझर झालं. मुलगा झाला. तो रडला नाही. मी "का रडत नाही, का रडत नाही" म्हणत होते. बऱ्याच वेळानं मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. पांढराफटक होता. नाकात हवेची नळी, वर निळा दिवा, पायाला सुई. दोनदा रक्त चढवलं. नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट आला, डॉक्टरबेन म्हणाल्या होत्या तेच निघालं. काचेच्या पेटीत त्याची छाती वर-खाली होताना मी बघत बसायची, आणि एखादा श्वास लांबला की सिस्टरला हाक मारायची. बाविसाव्या दिवशी तो घरी आला. तोवर नवऱ्यानं कपाट सोड्यानं धुतलं होतं, न्हाणीतल्या गोळ्या काढल्या होत्या, शेजाऱ्यांच्याही मागून घेऊन फेकल्या होत्या. लोक म्हणाले, बाप झाला आणि येडा झाला.

मग आई आली. हॉस्पिटलात मीच येऊ दिलं नव्हतं. आली, हातपाय धुतले, बाळाच्या कपाळाला बोट लावून ते स्वतःच्या ओठांना लावलं आणि गाठोडं सोडलं. आत काय आहे ते दिसायच्या आधी मला तोच थंडगार वास आला. मी ते गाठोडं उचलून थेट गॅलरीत भिरकावलं.

आई बघतच राहिली. "माझं लुगडं आहे ते," ती म्हणाली. आई अहिराणीतच बोलते, मी सगळ्यांना कळेल असं लिहिते. "पेटीतलं मऊ लुगडं. तुझ्या भावांना जन्मल्या जन्मल्या त्यातच गुंडाळलं होतं. तुलासुद्धा. तुला काय झालं?"

गप्प बसायला हवं होतं मी. पण माझ्या जिभेला हाड नाही. रक्ताचं, गोळीचं, मुलींना का होत नाही आणि मुलग्यांना का होतं, सगळं भडाभडा बोलून टाकलं. बोलून झाल्यावर कळलं, मी काय बोलले ते.

आई म्हणाली, "परत सांग. हळू सांग."

मी परत सांगितलं. ती खाली फरशीकडं बघत ऐकत होती.

"म्हणजे तुझी काकू डॉक्टरला दाखवा म्हणत होती," आई म्हणाली, "आणि मी पोराला अजून घट्ट गुंडाळत होते. नजर लागू नये म्हणून."

आतून बाळ रडायला लागलं. मला वाटलं आई उठेल. त्याला मांडीवर घ्यायलाच ती सात-आठ तास एसटीत बसून आली होती. ती जागची हलली नाही. दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले.

"तू घे त्याला," ती म्हणाली. "माझ्या हातांना वास आहे."