येऊन राहिले

आमचं गाव जळकोट तालुक्यात, दोन डोंगरांच्या मधी बसलेलं. फोन घरटी आहे, रेंज मात्र गावात नाही. ती मिळते आमच्या शेताच्या वरच्या माळावर, तीही तिच्या मर्जीनं. दर रविवारी सकाळी माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तो माळ चढतात आणि मला फोन लावतात. बरी हायस का, जेवलीस का, तिकडं पाऊस हाय का. मी सांगायला लागले की नुसती खरखर. पुन्हा लागला की पुन्हा बरी हायस का. वर्षभराचं आमचं बोलणं जोडलं तरी एक दुपार भरणार नाही.

मी नायगावला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. वर्गात मी 'येत आहे' शिकवते, घरी बोलताना मात्र 'येऊन राहिले' हेच तोंडात येतं. आईबापाशी पुस्तकातलं बोललं की पाहुण्यासारखं वाटतं, म्हणून मी तसं बोलत नाही.

चार वर्षं मला येळवस मिळाली नव्हती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा झाली की ताकातली आंबिल, शेंगाभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे, असं जेवण. दिवाळीला नाही आले तर अण्णा काही म्हणत नाहीत. येळवसीला येणार नाही म्हटलं की मात्र फोनवर नुसतं 'बरं' म्हणायचे. ते 'बरं' मी चार वर्षं ऐकलं होतं. पाचव्या वर्षी एका दिवसाची रजा मिळाली. दुसऱ्या दिवशी परीक्षेची ड्यूटी होती, म्हणजे हातात एवढा एकच दिवस. तो मला अण्णांसोबत काढायचा होता, बाकी काही नको होतं.

पहाटेच्या गाडीनं निघाले. मुखेडला गाडी बदलताना फोन लावला. अण्णा सकाळपासून माळावर जाऊन थांबले असणार हे मला माहीत होतं. पहिल्याच रिंगला उचलला.

"अण्णा, मी येऊन राहिले. मुखेडात हाय."

पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोलल्याचा आवाज आला आणि फोन गेला. मी निवांत खिडकीशी बसले. कळवलं होतं, आता काळजी नव्हती.

फाट्यावर उतरून, एका ट्रॅक्टरला हात करून शेतात पोचले तेव्हा दहा वाजले होते. कोपीपुढं आई भज्जीचं पातेलं झाकत होती. मला बघून तिचा हात तसाच राहिला.

"तू तर मुखेडात राहिलीस म्हणं," ती म्हणाली. "तुजे अण्णा गाडी मागून घिऊन तुला आणायला गेले की."

थोडा वेळ मला उमजलंच नाही. मग ध्यानात आलं. माझं 'येऊन' डोंगरातच कुठं तरी पडलं होतं. माळावर पोचलं ते एवढंच: राहिले, मुखेडात. म्हणजे गाडी चुकली, लेक अडकली.

चुलती हसून लोळायची बाकी होती. "मास्तरीणबाई, आदी सोता नीट मराठी शिका," ती म्हणाली. मीही हसले, पण माळाकडं निघाले.

वर रेंजची एक काडी दिसत होती. फोन वाजला, कुणी उचलला नाही. बंडीच्या आतल्या खिशात असणार, आणि स्टँडवरचा गोंगाट. खाली आले, पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी उचलला.

"अण्णा, मी शेतात हाय!"

"ऐकू यिना गेलंय. तू हायस तितंच थांब. मी स्टँडावरच हाय, हालू नको."

तुटला. त्यानंतर लागलाच नाही. पूजेची वेळ टळत चालली तेव्हा चुलत्यानं पूजा उरकली. पंगत बसली. आईनं मला ताट दिलं, मी घेतलं नाही. माळावर बसून मुखेडच्या दिशेनं बघत राहिले. हाच तो दिवस, चार वर्षं मागितलेला, आणि अण्णा माझी वाट बघत मुखेडच्या स्टँडवर उभे, मी त्यांची वाट बघत त्यांच्याच शेतात.

शेवटी मेसेज लिहिला. अण्णांना वाचता येत नाही, म्हणून आधी ते सुचलं नव्हतं. 'मी घरी पोचले. तुम्ही या.' तो कधी गेला, मला कळलं नाही.

दिवस मावळायला आला तेव्हा अण्णा बांधावरून येताना दिसले. टोपी हातात, तोंड वाळलेलं. चौकशीच्या खिडकीवरच्या माणसाकडून वाचून घेतलं, म्हणाले. "तुजं पत्र आलं." मेसेजला ते पत्रच म्हणतात. रागावले नाहीत. हातपाय धुतले, कोपीला हात जोडले आणि माझ्याशेजारी बसले. आम्ही दोघांनी गार भज्जी आणि उरलेली आंबिल खाल्ली. अंधार पडेपर्यंत तासभर मिळाला असेल. सांगायचं चार वर्षांचं होतं, त्यातलं मी काहीच सांगितलं नाही. ते उंडा मोडून माझ्या ताटात टाकत होते, मी खात होते. निघताना एवढंच म्हणाले, "फोनवर पुस्तकातलं बोलत जा बाई. ते तरी समदं पोचंल."

मी तसं बोलत नाही अजून. पण शब्द कमी केलेत. आता नुसतं 'येते' म्हणते. एकच शब्द, तुटायला जागा नाही. गेल्या रविवारी कधी नव्हे ते अण्णांचा आवाज शेजारी बसल्यासारखा साफ येत होता. मी लगेच म्हणाले, "अण्णा, येते." पुढं 'पंचमीला' म्हणायचं होतं.

पण आमच्यात निरोप घेतानाही असंच म्हणतात.

"बरं, ये," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.