जीपचा पंखा घेताना विचारायचं राहिलं

मंडळी, दुपारपासून जिवाला घोर लागलाय, म्हणून लिहितोय.

आमची जुनी जीप येडशीचा घाट चढताना उकळते. सुनेचे दिवस भरलेत, उद्या तिला धाराशिवला दवाखान्यात न्यायचंय. म्हणून सकाळी रेडिएटरला विजेवरचा पंखा बसवायला गेलो.

मिस्त्रीनं एक नवा, एक भंगारातला असे दोन पंखे चालवून रेडिएटरच्या जाळीपुढं पेपर धरला. नव्या पंख्यापुढं पेपर घसरून पडला, भंगारातल्या पंख्यानं घट्ट ओढून धरला. "काका, ह्योच घ्या, लई ओढतोय." मी घेतला.

आपल्याकडं जुना पार्ट घेताना गाडी भंगारात कशी गेली, अपघातात कुणी दगावलं का, हे आधी विचारतात. गडबडीत मी विसरलो.

दुपारी जीप थंड, किल्ली माझ्या खिशात, आणि पंखा आपोआप सुरू झाला. मिस्त्रीला फोन लावला. "सेन्सर अडकला आसंल, वायर काढून ठेवा." मग मी विचारलं, पंखा कुठल्या गाडीचा? तो म्हणाला, "आता कशाला इचारताय काका?"

वायर काढली. पंखा थांबला.

संध्याकाळी सून जीपपुढं वाळलेले कपडे काढत होती. वारा अजिबात नव्हता. "मामा, पदर कशात अडकला बघा की." पदर अडकला नव्हता. सकाळच्या पेपरासारखा जाळीला चिकटला होता. पंखा बंद होता.

दुसरी गाडी नाही. पंखा काढला तर जीप घाटात उकळणार. तुम्ही असता तर सुनेला उद्या या जीपमध्ये बसवलं असतं का?