रिकाम्या माणसांचं मस्टर

नोकरी चालू असते तेव्हा किस्से फार साठत नाहीत. ऑफिसात जे घडतं ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की संपलं, आणि नवराही धड ऐकत नसतो. पण नोकरी गेली आणि चार रिकामी माणसं एका खोलीत बसून ‘नोकरी कशी शोधायची’ याचा प्लॅन करायला लागली, की बघा! ठेवायला जागा पुरत नाही. सगळे सांगितले तर तुम्ही म्हणाल, ही बाई थापा मारते. म्हणून मोजकेच सांगते.

आमची अंबरनाथ एमआयडीसीतली रंगाची कंपनी बंद पडली. मी तिथे स्टोअरला होते. शेवटच्या दिवशी राजवाडे साहेबांनी, म्हणजे आमच्या एचआर मॅनेजरनी, एकेकाला केबिनमध्ये बोलावून पत्र दिलं, हात मिळवला आणि ‘ऑल द बेस्ट’ म्हणाले. सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतःच्या पत्रावरही स्वतःच सही केली आणि ते स्वतःलाच दिलं. तेव्हा हात मिळवला की नाही, ते माहीत नाही.

थोड्याच दिवसांत त्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘नोकरी शोधणं हीसुद्धा एक नोकरीच आहे. आपण सगळे मिळून स्ट्रॅटेजी बनवू. दर रविवारी सकाळी, आमच्या सोसायटीचं ऑफिस, अंबरनाथ पश्चिम.’

रविवारच का? तर म्हणे, ‘सगळ्यांना सुट्टी असते!’

आम्हाला सातही वार सुट्टी होती, हे त्यांना कोण सांगणार? ज्यानं आम्हाला काढलं तोच आता आम्हाला कामाला लावणार होता. तरी पहिल्या रविवारी खोली भरली. मग शहाणे एकेक करून गळाले आणि आम्ही तिघं उरलो. मी, अकाउंट्समधला उल्हासनगरचा हरेश, आणि मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन नंदू भोईर.

मी आणि हरेश टाइमपास म्हणून जायचो, खोटं कशाला बोलू! नंदूचं मात्र तसं नव्हतं. तो जवळच्या जांभूळ गावचा. घरी म्हातारी आई, थोडी भातशेती. मेव्हण्यानं तिकडे गुजरातेत, दहेजला, त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती आणि बायकोनं मुदत घातली होती. दिवाळीपर्यंत इकडे नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दहेज. आई जांभूळ सोडायला तयार नव्हती. नंदूला मोटारसायकलवर घरी परत येता येईल एवढ्या अंतरावर नोकरी हवी होती, बस्स.

*

पहिल्याच मीटिंगला साहेबांनी व्हाइटबोर्ड उभा केला. बोर्ड ओळखीचा वाटला. कंपनीच्या कॉन्फरन्स रूममधलाच होता! सगळे आपापले डबे घेऊन बाहेर पडले, साहेब बोर्ड घेऊन.

त्यावर त्यांनी चार चौकोन काढले. स्ट्रेंग्थ, वीकनेस, ऑपॉर्च्युनिटी, थ्रेट. ‘प्रत्येकानं मनमोकळं बोलायचं. नंदू, तुझा वीकनेस?’

नंदू उठून उभा राहिला. ‘साहेब, दिवाळीपर्यंत नोकरी नाय लागली तर मेव्हणा दहेजला न्यायचा.’

साहेबांनी बराच विचार केला. ‘नाही नंदू, हा वीकनेस नाही. हा थ्रेट!’

आणि चौथ्या चौकोनात मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मेव्हणा’. मग अधोरेखित केलं. नंदूचा प्रश्न होता तिथेच राहिला, फक्त त्याला चौकट मिळाली.

*

मग बायोडेटा. साहेबांनी तिघांचे बायोडेटा स्वतः टाइप केले. दोन दोन पानं, तिघांचीही सारखीच. त्यातलं वाचून मला माझाच आदर वाटायला लागला! खाली रेफरन्स म्हणून साहेबांचं नाव आणि मोबाईल नंबर. ‘कोणी माझ्याबद्दल विचारलं तर?’ म्हटल्यावर म्हणाले, ‘बिनधास्त करू दे फोन. मी आहे ना!’

हरेशनं तो बायोडेटा त्याच्या चाचांना दाखवला. चाचांचं उल्हासनगरात कापडाचं दुकान. त्यांच्या खानदानात नोकरी द्यायची माहीत, मागायची पद्धत हरेशनंच पहिल्यांदा काढलेली. चाचांनी दोन्ही पानं उलटसुलट करून बघितली, कागद बोटांत धरून चोळला.

‘माल तो ठीक है. रेट किधर लिखा है?’

हरेश म्हणाला, ‘चाचा, रेट वो लोग बोलते हैं.’

चाचांनी चष्मा काढला. ‘माल तेरा और रेट उनका? बेटा, तू धंदे में नहीं आया, अच्छा हुआ!’

हरेशनं हे मीटिंगमध्ये सांगितलं. साहेबांनी गंभीरपणे तिघांच्या बायोडेटात एक ओळ वाढवली, ‘अपेक्षित पगार: निगोशिएबल’. हरेशनं ती घरी नेऊन दाखवली. चाचा म्हणाले, ‘निगोशिएबल मतलब ग्राहक के आने से पहले डर गया!’

*

साहेबांच्या डोक्यातून निघालेली सगळ्यात अजब गोष्ट म्हणजे एरिया. आपण तिघांनी एकमेकांशी स्पर्धा करायची नाही, म्हणून त्यांनी कंपन्या वाटून दिल्या. उल्हासनगर हरेशला, अंबरनाथ नंदूला, बदलापूर मला. अहो, एक अकाउंट्सचा, एक वायरमन, एक स्टोअरकीपर. आमची स्पर्धा होणार तरी कशी?

उल्हासनगरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियनची जागा निघाली. नंदू म्हणाला, ‘साहेब, मी जाऊ?’

‘तो हरेशचा एरिया आहे. टीम डिसिप्लिन म्हणून काही असतं की नाही?’

आणि हरेश गेला! इस्त्रीचे कपडे, टाय, हातात फाइल. तिथल्या सुपरवायझरनं सरळ विचारलं, ‘मोटर जळाली तर पहिलं काय करशील?’

हरेशनं खरंखुरं उत्तर दिलं. ‘इन्शुरन्सवाले को फोन.’

सुपरवायझर इतका हसला म्हणे, की त्यानं हरेशला चहा पाजूनच पाठवला. जागा तिसऱ्याच कोणाला तरी मिळाली. पुढच्या रविवारी साहेबांनी बोर्डावर लिहिलं, ‘इंटरव्ह्यू: १’. आणि आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. नंदूनंही वाजवल्या. मला मात्र त्याच्याकडे बघवेना.

*

मध्येच मला नोकरी लागली. कशी? भाजी घेताना! आमच्या कंपनीला खोके पुरवणारा माणूस शिवाजी चौकात भेटला. मी फरसबी निवडत होते.

‘मॅडम, कुठे हल्ली?’

‘घरीच.’

‘मग उद्यापासून आमचं गोडाऊन बघा ना. माझा माणूस सगळा घोळ करून ठेवतो.’

संपला इंटरव्ह्यू! त्यानं फरसबीचे पैसे द्यायचा आग्रह केला, तेवढा मी मोडून काढला.

साहेबांना पेढा दिला. त्यांनी तो खाल्ला आणि म्हणाले, ‘अभिनंदन. पण हे आपल्या स्ट्रॅटेजीतून आलेलं नाही. त्यामुळे बोर्डावर घेता येणार नाही.’

खरं तर मी तिथेच नमस्कार करून सुटायला हवं होतं. पण रविवारचं जाणं सुटेना. एक तर नंदूचं पुढे काय होतं याची काळजी, आणि दुसरं, राजवाडे वहिनी चहाबरोबर कांद्याची भजी द्यायच्या.

एकदा वहिनींनाच विचारलं, ‘साहेबांनी स्वतः कुठे अर्ज केला का हो?’

वहिनी कप विसळत होत्या. ‘त्यांचा बायोडेटा अजून ड्राफ्टमध्येच आहे,’ म्हणाल्या. मग आवाज उतरवून, ‘रविवारी तेवढी दाढी करतात. म्हणून म्हटलं, चालू दे.’

हे ऐकल्यावर साहेबांचा राग जरा उतरला. जरा म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत.

*

आता मस्टरचं सांगते. साहेबांनी हजेरीचं मस्टर ठेवलं होतं. गेल्या गेल्या सही करायची. यायला जमणार नसेल तर आधी रजेचा अर्ज! तुम्ही हसाल, पण आमच्यापैकी कोणालाच त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही. इतकी वर्षं त्याच माणसाकडे अर्ज दिलेले. हरेशनं बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली, साहेबांनी हाफ डे मंजूर केला! त्याला मी तरी कुठल्या तोंडानं हसू? सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला मीही अर्ज दिला होता, ‘कृपया मंजूर व्हावी’ असं लिहून.

नंदूला अंबरनाथमधल्याच एका कंपनीतून बोलावणं आलं. त्याच्याच एरियातलं. वार रविवार. आमच्या एमआयडीसीत कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची, रविवारी ते जोरात चालू. नंदूनं रजेचा अर्ज पुढे केला.

साहेब म्हणाले, ‘तुझा मॉक इंटरव्ह्यू कुठे झालाय अजून? मॉक झाल्याशिवाय रिअलला जायचं नाही. या रविवारी तुझा मॉकच ठेवलाय. रजा नामंजूर.’

आणि हा बाबा खरी मुलाखत सोडून खोट्या मुलाखतीला आला! मी कपाळाला हात लावला.

साहेबांनी टेबलापलीकडून विचारलं, ‘मिस्टर भोईर, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?’

‘जांभूळला, साहेब. घरी.’

‘यात ॲम्बिशन कुठे आहे? सॉरी मिस्टर भोईर. रिजेक्टेड.’

नंदू घरी गेला तो तोंड पाडूनच. आईनं विचारलं, ‘काय रं, नाय म्हनले?’

‘नाय म्हनले.’

‘कंची कंपनी ती?’

‘कंपनी नाय आये. नुसतं विचारून बघत व्हते.’

म्हातारी म्हणाली, ‘नोकरीच नाय त्यांच्याकडं, तर नाय कशाला म्हनले?’

एवढ्या दिवसांत विचारला गेलेला सगळ्यात शहाणा प्रश्न हाच. पण तो सोसायटीच्या ऑफिसात कोणी विचारला नाही.

*

गणपती गेले, नवरात्र आलं. मेव्हण्यानं दहेजला खोलीसुद्धा बघितली. अशात आमच्या गोडाऊनच्या टेम्पोवाल्यानं बातमी आणली. बदलापूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन हवाय, अर्जंट, रविवारी सकाळी माणूस भेटेल. मी लगेच नंदूला फोन लावला.

‘हे बघ, बदलापूर माझा एरिया आहे. मी तुला दिला! आता अर्ज नको, मॉक नको. धुतलेला शर्ट घाल, बायोडेटा घे आणि सरळ जा.’

‘ताई, साहेबांना न सांगता?’

‘न सांगता!’

रविवारी साहेबांनी मस्टर उघडलं. ‘नंदकुमार भोईर?’ साहेबांनी लाल पेन काढून गैरहजेरी लावली. मी भजी खात खिडकीबाहेर बघत बसले.

अकराच्या सुमाराला साहेबांचा फोन वाजला. त्यांना फोन स्पीकरवर टाकायची हौस.

‘नमस्कार, राजवाडे साहेब का? बदलापूरहून बोलतोय. नंदकुमार भोईर तुमच्याकडे होते ना? आम्हाला पसंत आहेत, उद्यापासून घेतोय. बायोडेटात तुमचं नाव आहे म्हणून एकदा विचारून घेतो. माणूस कसा आहे?’

हरेश खुर्चीतून उठलाच. मी देवाचं नाव घेतलं. आणि साहेब? ताठ बसले, कॉलर नीट केली. कंपनी बंद पडल्यापासून त्यांना कोणी ऑफिसच्या कामाचा फोन केला नव्हता. चेहरा नुसता उजळला होता.

‘भोईर कामाला उत्तम आहेत. प्रामाणिक. व्यसन नाही.’

मी श्वास सोडला.

‘फक्त एचआरचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे,’ साहेब म्हणाले. ‘अलीकडे हजेरी अनियमित आहे. आता आजचंच बघा ना, न कळवता गैरहजर!’

पलीकडून, ‘अच्छा. बरं झालं विचारलं.’ फोन बंद.

‘सर, ये क्या किया आपने!’ हरेश ओरडला. मला तर तो फोन त्यांच्या हातातून घेऊन आपटावासा वाटला. साहेब आमच्याकडे बघत राहिले. आपलं काय चुकलं ते त्यांना खरंच कळलं नव्हतं. रेफरन्स खरा द्यायचा असतो, एवढंच म्हणाले.

नंदूला मीच फोन करून सगळं सांगितलं. तो कारखान्याच्या गेटवरच थांबला होता, फोन करायला आत गेलेला माणूस बाहेर येईल म्हणून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘असूं दे ताई. घरी आयला काय सांगू, तेवढं बघतो.’

पुढच्या रविवारी नंदू आला. तोच शर्ट, पुन्हा इस्त्री केलेला. त्यानं मस्टरवर सही केली, खुर्चीत न बसता साहेबांसमोर उभा राहिला आणि खिशातून घडी घातलेला अर्ज काढून टेबलावर ठेवला.

‘साहेब, उद्या दहेजला निघतो. रजा पायजे व्हती.’

मी नंदूच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा करतोय की खरंच मागतोय, काही कळेना.

साहेबांनी अर्ज उघडून पूर्ण वाचला, चष्मा वर सरकवला, पेनाचं टोपण काढलं.

‘किती दिवसांची?’