माकडिणीच्या हिशेबानं आठ दिवस

"अबे, दवाखान्यातून फोनावर फोन येऊन राह्यले! तीनच्या आत बोलावलं! तू तं म्हणे आठव्या दिवशी!"

बांधावरून दादा असा ओरडला, की तिकडे मेडशीच्या थांब्यावर एसटीच्या वाहकानं दचकून घंटी मारली. तुरीतली वानरं शेंगा टाकून पळाली, ती अजून परतलेली नाहीत.

चूक माझीच, पण थाटातली. मी शहरात माकडांच्या प्रयोगशाळेत कामाला. माकडिणीचं बीज आणि नराचं बीज काचेच्या बशीत एकत्र आणायचं आणि गर्भ वाढताना बघायचा. एकाचे दोन, दोनाचे चार, मग मुरमुऱ्याच्या लाडवासारखा गोळा, आणि शेवटी आतून पोकळ होऊन पुरीसारखा टम्म फुगतो. हे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. मला नुसत्या डोळ्यांनी दिसतं, असं गावात मीच पसरवलं होतं.

त्यामुळे दादा-वहिनीचा गर्भ अकोल्याच्या दवाखान्यात तशाच बशीत वाढू लागला, तेव्हा घरात शब्द माझा चालला. पहिली खेप वाया गेली होती. ही दुसरी; तिसरी सोसायची वहिनीच्या अंगात ताकद नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "फोन जवळ ठेवा. गर्भ तयार झाला की पोटात ठेवायला लगेच बोलावू." मी छाती ठोकून सांगितलं, "वयनी, पुरी फुगाले आठ दिवस लागतात. हजार पाह्यल्या मी. तुमी खुशाल वावरात बसा."

वहिनी वावरात बसली, सोबत सुटीवर आलेला मीही. फोन घरी चार्जिंगला. दादा भाकर खायला घरी गेला म्हणून तरी कळलं. दिवस होता पाचवा.

शेजाऱ्याची जीप मी अशी हाणली, की पातूरच्या घाटातली वळणं सरळ झाली. तीनला दहा मिनिटं कमी असताना पोचलो.

"माणसाचा पाचव्या दिवशीच तयार होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठ कोणी सांगितलं?"

दादानं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

गर्भ वेळेत आत ठेवला गेला. वहिनी खाटेवर डोळे मिटून पडली होती. मी उशाशी जाऊन हळूच म्हणालो, "वयनी, हिशेब काई चुकला नाई माहा. माकडिणीले आठ दिवस लागतातच."

तिनं डोळेही उघडले नाहीत.

"मी माकडीण नाई, भाऊजी."