शाहूवाडीच्या खाचरात उतरलेली दुर्बीण

भल्यामोठ्या फुग्याला बांधून आमची क्ष-किरण दुर्बीण आदल्या रात्रीच आंध्रातून सोडली होती. एका दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून भयंकर ताकदीचे क्ष-किरण बाहेर पडतात. हवा ते शोषून घेते, म्हणून ते पाहायला हवेच्या वर जावं लागतं. काम संपलं की पेटी पॅराशूटनं खाली यायची आणि आम्ही जीपनं जाऊन ती उचलायची. त्या दिवशी ती वाऱ्यानं पार शाहूवाडीच्या डोंगरात नेली. मी त्याच जिल्ह्यातल्या गारगोटीचा, म्हणून ज्येष्ठ सहकाऱ्यासोबत मला पाठवलं होतं.

दुपारी पोचलो तेव्हा लांबूनच लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. भाताच्या खाचरात तीसेक माणसं कुऱ्हाडी आणि पहारी घेऊन पेटी फोडत होती. पहार आतल्या नळकांड्यात घुसली, कोंडलेला वायू फुसकन बाहेर आला, आणि माणसं जास्तच पिसाळली.

माझा सहकारी बंगाली. हिंदीत ओरडत तो धावला आणि पेटीवर आडवा पडला. पाठीत काठ्या बसल्या, मग कुऱ्हाडीचा दांडा डोक्यात. रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं.

"मारू नगासा, मी गारगोटीचा हाय," मी ओरडलो. कुणीतरी माझी कॉलर धरून मला चिखलात लोटलं.

बांधावर घोंगड्यावर एक शेतकरी पडला होता. वाऱ्यानं फुगलेल्या पॅराशूटनं पेटी फरफटत नेली होती. कापड धरायला गेलेल्या त्याच्या पायावरून ती गेली आणि गुडघ्याखालचं हाड बाहेर आलं. पेटीवर पहिला घाव त्याच्या बायकोनं घातला होता. ती पेटीचा फुटका पत्रा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"वाचा की पावणं, काय लिवलंय ह्यावर?"

पेटी धोकादायक नाही, हात लावू नका, पोलिसांना कळवा, असं इंग्रजीत आणि तेलुगूत लिहिलेलं होतं. पेट्या नेहमी पूर्वेकडं, तेलुगू मुलखातच पडायच्या. चिठ्ठ्या चिकटवायचं काम माझं होतं.

"आन् मराठीत?"

"न्हाय."

तिनं पत्र्यासकट हात माझ्या तोंडावर मारला. ओठ फाटला. मी हात वर केला नाही. तिला म्हटलं, आधी ह्यांना जीपमध्ये घालू या.

पेटी तिथंच टाकून आम्ही निघालो. डोक्याला धोतराची चिंधी बांधून माझा सहकारी कोल्हापूरच्या दवाखान्यापर्यंत त्या माणसाचा पाय मांडीवर धरून बसला होता. बाई पुढं बसली होती. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

किरणांच्या नोंदी रेडिओवरून आधीच जमिनीवर उतरल्या होत्या. त्यांवरचा शोधनिबंध छापून आला, त्यात माझं नाव होतं. काही महिन्यांनी मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. बाईनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती आत गेली. पेटी वर काय बघत होती, ते मी त्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हैस ओरडली, तिला पाणी दाखवायची वेळ झाली होती. त्यानं मला कोपऱ्यातल्या कुबड्या द्यायला सांगितलं.